घाई नसलेले ग्रह: ‘द प्लॅनेट्स’चे १९७८ मधील ध्वनिमुद्रण

इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या सात भागांच्या वाद्यवृंद-रचनेची ध्वनिमुद्रणे इतकी आहेत, की नव्याने ऐकू लागलेल्याला सुरुवात कोठून करावी हेच उमगत नाही. माझ्यापुरता हा प्रश्न सुटला आहे. वाद्यवृंद-संचालक सर एड्रियन बोल्ट यांनी लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर १९७८ मध्ये केलेले आणि ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने प्रसिद्ध केलेले ध्वनिमुद्रण गेली दोन वर्षे माझ्या घरी वाजते आहे. यापेक्षा झगझगीत, यापेक्षा अंगावर येणारी ध्वनिमुद्रणे मी ऐकली आहेत. परंतु पुन्हा पुन्हा लावावीशी वाटते ती हीच सीडी. हे वादन आपली छाप पाडण्याच्या मागे लागत नाही आणि रचना जशी आहे तशी समोर मांडून बाजूला होते, हा तिचा गुण मला इतर सर्व गुणांहून मोठा वाटतो.

वस्तूविषयी आधी. सोलापुरात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची सीडी दुकानात जाऊन, हाताळून घेण्याची सोय मला तरी आढळली नाही, म्हणून ती बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून मागवावी लागली. पहिली प्रत आली ती तबकडीच्या मधल्या भोकाशी तडा गेलेली. नुसत्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धाडल्यावर दुसरे काय होणार! दोन आठवडे पत्रापत्री झाल्यावर दुसरी प्रत आली, ती मात्र निर्दोष आहे. सगळा खर्च धरून ती मला साधारण दोन चांगल्या चादरींच्या किमतीला पडली. सोबतच्या पुस्तिकेतील टाइप इतका बारीक आहे की चाळिशी उलटलेल्या माणसाने तो भिंगाखालीच वाचावा. घेणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे: ईएमआयचा शास्त्रीय संगीताचा साठा २०१३ पासून वॉर्नरकडे गेला असल्यामुळे हेच वादन नव्या छपाईत वॉर्नरच्या नावाने मिळते. शिवाय बोल्ट यांनी ही रचना एकूण पाच वेळा ध्वनिमुद्रित केली, त्यातले पहिले ध्वनिमुद्रण १९४५ मधले, बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचे. तेव्हा नुसते ‘बोल्ट’ आणि ‘प्लॅनेट्स’ एवढे पाहून मागणी नोंदवू नये. वाद्यवृंदाचे नाव आणि साल दोन्ही तपासावे.

बोल्ट आणि ही रचना यांचे नाते मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे. होल्स्ट यांनी ती १९१४ ते १९१६ या काळात लिहिली. लंडनमधील सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये ते संगीताचे शिक्षक होते, आणि लिहायला सवड मिळे ती सुट्ट्यांत किंवा आठवड्याच्या अखेरीस. उजव्या हाताच्या मज्जातंतूंचे दुखणे असल्यामुळे एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाची संहिता एकट्याने उतरवणे त्यांना झेपत नव्हते, म्हणून ते सांगत आणि सहकारी लिहून घेत. पहिले महायुद्ध संपायला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, २९ सप्टेंबर १९१८ रोजी, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये निमंत्रितांसमोर तिचा पहिला प्रयोग झाला. सैनिकांना संगीत शिकवण्याच्या कामावर होल्स्ट ग्रीसमधील सालोनिका येथे निघाले होते, आणि त्यांचे मित्र बाल्फोर गार्डिनर यांनी निरोपाची भेट म्हणून त्या प्रयोगाचा खर्च उचलला होता. तालमीला धड दोन तासही मिळाले नाहीत. वाद्यवृंदाचे संचालन करणारा एकोणतीस वर्षांचा तरुण म्हणजे एड्रियन बोल्ट. हे ग्रह लोकांसमोर पहिल्यांदा उजळवले ते याने, अशा अर्थाचा कृतज्ञ मजकूर होल्स्ट यांनी पुढे बोल्ट यांच्या संहितेवर लिहून दिला. त्याच बोल्ट यांनी, रचनाकाराच्या मृत्यूला चव्वेचाळीस वर्षे उलटून गेल्यावर, स्वतःच्या वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी केलेले हे ध्वनिमुद्रण आहे. साठ वर्षे एकच बंदिश गाणाऱ्या गवयाला ती कोठे सोडून द्यावी हे जसे कळलेले असते, तसे काहीसे येथे घडले आहे.

ग्रह म्हटल्यावर आपल्याकडे लगेच पत्रिका डोळ्यांसमोर येते, आणि या बाबतीत तसे होणे चुकीचे नाही. होल्स्ट यांना ग्रह सापडले ते ज्योतिषाच्या वाटेने, खगोलशास्त्राच्या नव्हे. म्हणूनच मंगळ पहिला येतो, पृथ्वीला जागाच नाही, आणि १९३० मध्ये प्लूटो सापडला तेव्हा होल्स्ट हयात असूनही त्यांनी त्याच्यासाठी आठवा भाग लिहिला नाही. या गृहस्थांनी संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्ते स्वतः इंग्रजीत आणून त्यांना चाली लावल्या होत्या आणि महाभारतातील सावित्रीवर एक छोटी संगीतिका लिहिली होती, ही गोष्ट आपल्या वाचकांना सुखावणारी आहे. ‘द प्लॅनेट्स’मध्ये मात्र भारतीय संगीत शोधायला जाऊ नये; ते येथे नाही.

पहिला भाग मंगळाचा, युद्ध आणणाऱ्याचा. त्याचा पाया पाच मात्रांचा आहे: पहिल्या मात्रेत तीन बारीक ठोके, मग दोन मात्रा सरळ, चौथीत दोन ठोके आणि पाचवी पुन्हा सरळ. वादक गजाची लाकडी बाजू तारांवर आपटून हे ठोके काढतात, त्यामुळे व्हायोलिनचा म्हणून जो गोडवा असतो तो पार निघून जातो आणि कोरडा खडखडाट तेवढा उरतो. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाइतक्याच या मात्रा असल्या तरी झपताल जसा झुलतो तसे हे झुलत नाही. येथे खाली नाही, भरी नाही, समेवर आल्याचे समाधान नाही. पाच संपले की पुन्हा पाच.

माझे घर पूर्व भागात, यंत्रमागाच्या एका कारखान्याला लागून आहे. लहानपणापासून रात्री झोप लागली ती मागांच्या आवाजातच, आणि सकाळी जाग आली ती माग बंद पडल्यामुळे. त्यामुळे बोल्ट यांचा मंगळ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रणांगण वगैरे काही दिसले नाही, मागावर आडवा धागा नेणारा धोटा दिसला. धोटा इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो. त्याला राग नसतो, घाई नसते आणि आपल्यामध्ये कोणाचे बोट आले आहे याची फिकीरही नसते. बहुतेक वाद्यवृंद हा भाग चिडून वाजवतात. होल्स्ट यांनी स्वतः १९२६ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणात तो सहा मिनिटांच्या थोडा पुढे जाऊन संपतो. बोल्ट जवळजवळ आठ मिनिटे घेतात. कागदावर हा फरक ऐकून कोणालाही वाटेल की म्हातारपणाने हात जड झाला असणार. प्रत्यक्षात त्या संथपणामुळेच हा मंगळ असह्य होतो, कारण यंत्राला थकवा येत नाही आणि दया तर त्याहून येत नाही. शेवटी वाद्यवृंद सगळा जोर लावून एकेक आघात घालतो आणि पाचांचा तो सांगाडा मोडून पडतो, तेव्हा दोन आघातांमधील जागा बोल्ट इतकी रिकामी सोडतात की ऐकणाऱ्याचा श्वास तेथे अडकून राहतो. होल्स्ट यांनी हा भाग महायुद्ध भडकण्यापूर्वीच रचला होता हे कळल्यावर त्या रिकाम्या जागा अधिकच भयाण वाटतात.

त्यानंतर शुक्र म्हणजे तापल्या अंगावर गार पाण्याचा हात. एकटा हॉर्न चढत जाणारे चार स्वर वाजवतो, बासऱ्या उतरत येऊन त्याला उत्तर देतात, आणि पुढचा बराच वेळ कोणीही आवाज चढवत नाही. सेलेस्टा या छोट्या घंटांसारख्या वाजणाऱ्या वाद्याचे स्वर येथे इतके स्वच्छ आले आहेत की ते वेगळे मोजता येतात. बुध मात्र मला या सीडीतील सर्वांत फिका भाग वाटतो. हा देवांचा पंख असलेला दूत, त्याने भिरभिरावे. बोल्ट यांचा बुध नीटनेटका चालतो, उडत नाही. जेमतेम चार मिनिटांचा भाग असल्यामुळे ही उणीव फारशी टोचत नाही, पण आहे ती आहे.

गुरू हा सर्वांच्या तोंडी असलेला भाग, आणि बोल्ट यांनी तो मनमोकळेपणाने वाजवून घेतला आहे. पहिल्या प्रयोगाच्या वेळी सभागृहाबाहेरच्या बोळांत झाडलोट करणाऱ्या बायका हा भाग कानी पडताच नाचू लागल्या, असे होल्स्ट यांच्या कन्येने लिहून ठेवले आहे. हे वादन ऐकताना त्यावर विश्वास बसतो. मध्येच वाद्यवृंद थांबून एक रुंद, तीन मात्रांची, भारदस्त धून सुरू करतो. या धुनीवर १९२१ मध्ये देशभक्तीचे शब्द चढवले गेले आणि ते गीत इंग्रजांच्या घराघरांत, चर्चमध्ये आणि स्मृतिसभांमध्ये गायले जाऊ लागले. येथे सोलापूरकर म्हणून माझी थोडी अडचण होते. ते गीत त्यांच्या देशात रुळत होते त्याच दशकाच्या शेवटी, १९३० च्या मे महिन्यात, त्याच साम्राज्याने आमच्या गावात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आमच्या चार माणसांना येरवड्यात फाशी दिली. त्यांचे पुतळे असलेल्या चौकातून रोज जा-ये करणाऱ्याला कोणत्याही साम्राज्याची प्रार्थना सहजासहजी गोड लागत नाही. तथापि होल्स्ट यांनी ती धून लिहिली तेव्हा तिला शब्द नव्हते, आणि बोल्टही ती शब्द नसल्यासारखीच वाजवून घेतात: गळा दाटून येऊ न देता, शेवटच्या स्वरावर रेंगाळू न देता, उभे राहून सलाम करायला न लावता. इतर अनेक ध्वनिमुद्रणांत या जागी झेंडा फडकताना ऐकू येतो. येथे एक भली धून येते आणि पुन्हा खेळात मिसळून जाते, त्यामुळे मीही ती शांतपणे ऐकू शकतो.

शनीपाशी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण या सीडीचे मोल माझ्या लेखी मुख्यतः या आठेक मिनिटांत आहे. आपला शनी म्हणजे साडेसाती, शनिवारचे तेल, काळे उडीद आणि पाठीमागे लागलेली पीडा. होल्स्ट यांचा शनी म्हातारपण घेऊन येतो, आणि सातांपैकी त्यांना स्वतःला सर्वांत आवडे तो हाच भाग. आरंभी बासऱ्या आणि हार्प दोनच स्वरसंघ आलटून पालटून वाजवत राहतात, जणू घड्याळाचा लंबक. त्याखालून डबल बास एक थकलेले सूत्र पुढे आणतात. मग ट्रॉम्बोनची संथ मिरवणूक येते. होल्स्ट तरुणपणी पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवत असत, आणि त्या वाद्यातून काय काढायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते, याची खूण येथे पटते. पावले जवळ येत जातात, घंटा ठणाणू लागतात, आणि आता काहीतरी कोसळणार असे वाटत असतानाच भीती ओसरते. तोच लंबक, तेच स्वर. पण आता ते मोजत नाहीत, नुसते हेलकावतात. तळ्यावर संध्याकाळी वारा पडल्यानंतर पाणी जसे काठाला लागत राहते, तसे.

तरुण संचालक ही मिरवणूक भयानक करून दाखवतात आणि शेवटची शांती गोड करून ठेवतात. बोल्ट यांच्याकडे या दोहोंमध्ये सांधा दिसत नाही. भीती केव्हा संपली आणि शांती केव्हा सुरू झाली हे मी दहा-बारा वेळा कान देऊन शोधले. प्रत्येक वेळी ते घडून गेल्यावरच लक्षात आले. एकोणनव्वद वर्षांच्या माणसाने म्हातारपणाविषयीचे संगीत वाजवले म्हणून ते आपोआप खरे होते असे मी म्हणणार नाही. पण सावकाश चालणे आणि अडखळत चालणे यांतला फरक या वादनाइतका मला दुसरीकडे ऐकू आला नाही. आणखी एक गोष्ट येथे कामी आली आहे. बोल्ट जुन्या रीतीप्रमाणे पहिल्या व्हायोलिनवादकांना आपल्या डाव्या हाताला आणि दुसऱ्यांना उजव्या हाताला बसवत. दोन स्पीकर जरा लांब ठेवून ऐकले, तर शनीच्या अखेरीस तारवाद्ये दोन्ही बाजूंनी मिळून खोली भरत जातात.

युरेनस, म्हणजे जादूगार, चार वजनदार स्वरांनी प्रवेश करतो: आधी ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, मग अधिक वेगाने ट्यूबा, मग टिंपनी. पुढे सगळा धांगडधिंगा आहे, तो ऐकावा आणि हसावे. ऐन भरात पाइप ऑर्गनचे स्वर एका झपाट्यात घसरत जातात आणि क्षणात सगळे सामसूम होते, ती जागा येथे उत्तम साधली आहे.

शेवटचा नेपच्यून. तोही पाच मात्रांचाच आहे, आणि हे मला फार उशिरा कळले याची लाज वाटते. मंगळात जे पाच घणासारखे पडत होते, ते येथे जमिनीला टेकतही नाहीत. संपूर्ण भाग अतिशय हळू आवाजात वाजवायचा आहे. बऱ्याच वेळाने स्त्रियांचा कोरस ऐकू येतो. या ध्वनिमुद्रणात तो जेफ्री मिचेल कॉयरचा आहे. त्यांना शब्द नाहीत, नुसता स्वर आहे. गायिकांना शेजारच्या खोलीत बसवावे, अखेरीस त्या खोलीचे दार अगदी सावकाश, आवाज न करता लावून घ्यावे, आणि आवाज दूर विरून जाईपर्यंत शेवटची ओळ पुन्हा पुन्हा गात राहावी, अशी होल्स्ट यांची सूचना आहे. आषाढात पंढरपूरच्या वाटेवर उभे राहून ज्याने दिंडी पुढे जाऊ दिली आहे, त्याला हा शेवट समजावून सांगावा लागणार नाही. टाळांचा आवाज लहान होत जातो, वळणापलीकडे जातो, आणि आपण ऐकतो आहोत ते टाळ आहेत की कानात राहिलेला नाद, हे सांगता येत नाही.

पण हा शेवट ऐकू येणे हीच आपल्याकडे मोठी अडचण. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पंखा चालू ठेवला, तर नेपच्यूनची शेवटची दीड-दोन मिनिटे पंख्यातच जातात. मी पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम होऊन ऐकण्याचा प्रयत्न केला, तर नेमके कोरस विरू लागताना नळाला पाणी आले आणि आळीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. चार दिवसांनी आलेले पाणी. होल्स्टसाठी ते कोण सोडणार? मीही बादल्या लावायला उठलो. आता मी हा भाग पहाटे साडेचारला, माग थांबलेले असताना ऐकतो, आणि हेडफोन लावून ऐकतो.

ध्वनिमुद्रण ॲनालॉग काळाच्या अखेरच्या टप्प्यातले आहे. आवाजाला ऊब आहे, खालच्या स्वरांना वजन आहे, आणि अगदी हळू जागी टेपची अगदी मंद सरसर येते, तिचा मला त्रास झाला नाही. हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर मात्र प्रचंड आहे. शुक्र नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवून ठेवला आणि नंतर मंगळ लावला, तर शेजारी दार वाजवणार हे नक्की. म्हणून मंगळाचा सर्वांत मोठा क्षण सहन होईल तेवढ्यावर आवाज आधी बांधून घ्यावा आणि मग पन्नासेक मिनिटे बटणाला हात लावू नये. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी ॲपमधील आवाज सारखा करण्याची सोय बंद ठेवावी. ती चालू राहिली तर नेपच्यून आणि मंगळ एकाच उंचीचे होतात आणि मग या वादनात ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

ज्यांना ध्वनीचा लखलखाट हवा आहे, त्यांनी शार्ल द्युत्वा यांनी मॉन्ट्रियलच्या वाद्यवृंदाबरोबर डेक्का कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यातला बुध येथल्या बुधापेक्षा कितीतरी चपळ आहे. कारायान यांनी १९६१ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेला मंगळ अंगावर काटा आणतो. दोन्ही मी ऐकतो, मित्र घरी आले की तीच लावतो. एकटा असलो की बोल्ट.

माझ्या सीडीवर ‘प्लॅनेट्स’नंतर इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ आहेत, त्याही बोल्ट यांच्याच, १९७० मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या. रचना १८९९ ची, वादन सुरेख, आणि त्यासाठी वेगळा लेख लागेल. तक्रार आहे ती मांडणीची. नेपच्यूनचे दार लागते, आवाज गेला की अजून आहे याचा अंदाज आपण घेत असतो, आणि तेवढ्यात काही सेकंदांत एल्गार सुरू होतात. सीडी बनवणाऱ्यांनी तेथे निदान अर्धे मिनिट रिकामे सोडायला हवे होते. ते सोडलेले नाही, म्हणून कोरस सुरू झाला की रिमोट हातात घेऊन बसावे.